एकच जोडी, सगळा डोंगर: ऑल-माउंटन स्की कशी निवडावी?

डोंगरवाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

कोलोराडोतल्या डेन्व्हरच्या पश्चिमेला राहायला येऊन मला नऊ वर्षे झाली. स्कीइंग मी इथेच, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी शिकलो. पहिली काही वर्षे भाड्याच्या स्कीजवर काढली, नंतर एका सहकाऱ्याने त्याची जुनी जोडी दिली. तिची कंबर, म्हणजे मधली रुंदी, ७६ मिमी आहे आणि तिच्या पोलादी कडा आता इतक्या झिजल्या आहेत की धार लावायला त्यांत धातूच उरलेला नाही, असे दुकानातल्या कारागिराने दाखवून दिले. म्हणून या मोसमाआधी पहिलीवहिली नवी जोडी घ्यायची आहे, आणि ती एकच, सगळ्या प्रकारच्या बर्फावर चालणारी (ऑल-माउंटन) घ्यायची आहे. दोन जोड्या ठेवायला घरात जागा नाही आणि तेवढा खर्च करण्याची तयारीही नाही.

माझी उंची १७१ सेंमी, वजन ७४ किलो आणि वय ४२ आहे. इथे उतारांना हिरवा, निळा, काळा असे चढत्या काठिण्याचे रंग असतात. निळ्यावर मी निर्धास्त असतो, काळा सावकाश पण न पडता उतरतो. वर्षाला पंधराएक दिवस होतात आणि ते जवळजवळ सगळे शनिवार असतात. विंटर पार्क, कॉपर माउंटन आणि अरापाहो बेसिन ही माझी नेहमीची ठिकाणे आहेत.

अडचण अशी आहे की एकाच दिवसात मला चार प्रकारचे बर्फ भेटतात. सकाळी रात्रभर यंत्राने विंचरून ठेवलेला, कडक, बारीक रेघांचा उतार असतो. अकरापर्यंत गर्दीने तो उकरलेला असतो. दुपारी विंटर पार्कच्या मेरी जेन भागात मोगल, म्हणजे स्कीच्या वळणांनी बर्फात तयार झालेले उंचवटे, पार करावे लागतात. झाडे संपतात त्या रेषेवर गेले की वाऱ्याने दाबून पत्र्यासारखा केलेला थर लागतो. ताजा, गुडघाभर पावडर बर्फ मोसमात दोन-तीन शनिवारीच मिळतो, पण खरे सांगायचे तर वर्षभर मी त्याचीच वाट पाहतो. शिवाय फेब्रुवारीत मी आणि पुण्याहून येणारा धाकटा भाऊ असे आम्ही दोघे गुलमर्गला जाणार आहोत.

माझा कल १०६ मिमी कंबरेच्या स्कीकडे आहे, कारण रुंद स्की पावडरमध्ये तरंगते आणि बाकीच्या बर्फावर चालून जाईल असे वाटते. हा विचार बरोबर आहे का? लांबी किती घ्यावी? धातूचा थर असलेली घ्यावी की बिनधातूची?

शिखररेषा

डोंगरवाट, आपण आपल्या शनिवाराचे वर्णन इतके नेमके केले आहे की निम्मे उत्तर त्यातच आले आहे. मी सॉल्ट लेक सिटीत राहतो. इथल्या अल्टा या ठिकाणी मोसमाला सरासरी ५०० इंचांहून अधिक बर्फ पडतो, आणि तरीही माझी रोजची स्की १०२ मिमीचीच आहे.

नवीन वाचकांसाठी एक खुलासा करतो. स्कीवर १३२-९८-१२० असे तीन आकडे असतात. ते टोक, कंबर आणि शेपूट यांची मिलिमीटरमधली रुंदी सांगतात. टोक आणि शेपूट यांच्या मानाने कंबर जितकी अरुंद, तितकी कडेची वक्रता जास्त आणि वळणाची त्रिज्या लहान. ऑल-माउंटन म्हणून विकल्या जाणाऱ्या स्कीजची कंबर ढोबळमानाने ८५ ते १०५ मिमी असते. हा पट्टा फार मोठा आहे. त्याच्या दोन टोकांच्या स्कीज म्हणजे दोन वेगळी अवजारे आहेत.

तरंगण्याचा हिशेब साधा आहे. १७५ सेंमी लांबीच्या स्कीची सरासरी रुंदी ११ सेंमी धरली तर तिचे क्षेत्रफळ सुमारे १,९०० चौरस सेंमी होते. रुंदी १० मिमीने वाढवली की त्यात १७५ चौरस सेंमीची, म्हणजे सुमारे ९ टक्क्यांची भर पडते. लांबी ७ सेंमीने वाढवली तर ही भर ४ टक्क्यांच्या आसपास राहते. रुंदीचा फायदा खरा आहे हे यावरून दिसते. मात्र ९६ च्या स्कीवर पावडरमध्ये कोणी बुडत नाही. तिच्यावर वळणे थोडी अधिक लयीत, दोन्ही पायांवर समान भार ठेवून घ्यावी लागतात, एवढाच फरक पडतो.

मी आपल्या जागी असतो तर ९८ ते १०० घेतली असती.

उत्तरवारा

मी न्यू हॅम्पशरमध्ये पंधरा हिवाळे काढले आहेत. इथे पाऊस पडून त्यावर रात्री गोठलेला बर्फ ही नित्याची गोष्ट आहे, त्यामुळे माझे मत कडक बर्फाकडे झुकलेले असणार, हे आधीच मान्य करतो. तरीही १०६ ला माझा ठाम विरोध आहे, आणि त्याचे कारण गुडघ्यात आहे.

कडक बर्फावर स्की कलवली की तिची फक्त एक कड बर्फात रुतते आणि जमिनीकडून येणारा सगळा जोर त्या कडेवर येतो. ८२ मिमीच्या स्कीत ही कड पायाच्या मध्यरेषेपासून ४१ मिमीवर असते, १०६ च्या स्कीत ५३ मिमीवर. म्हणजे तरफेचा हात जवळपास तीस टक्क्यांनी लांबतो आणि प्रत्येक वळणाला घोटा व गुडघा यांना तितका जास्त पीळ सोसावा लागतो. मऊ बर्फात स्की सपाट बुडते, जोर सगळ्या तळावर पसरतो आणि हा प्रश्न उरत नाही. परंतु आपल्या दिवसाचे पहिले दोन तास आणि वाऱ्याने दाबलेला वरचा भाग हे दोन्ही कडकच आहेत.

हे मी अनुभवाने सांगतो आहे. सहा वर्षांपूर्वी मोसमअखेरच्या सवलतीत मी १०८ ची जोडी घेतली, कारण पुढच्या वर्षी पश्चिमेकडे सहल ठरली होती. ती सहल पाच दिवसांची होती. उरलेले वीस दिवस मी त्याच पाट्या घेऊन इथल्या काचेसारख्या उतारांवर घसरत राहिलो. पाच दिवसांसाठी वीस दिवसांची किंमत मोजायची नाही, असा त्यानंतर मी कानाला खडा लावला.

आपल्याला मी ८८ ते ९४ सुचवीन.

शिखररेषा

उत्तरवारा यांचे तरफेचे गणित मला मान्य आहे, पण ते टोकाच्या दोन रुंदींचे आहे. ९४ आणि १०० यांतला फरक कडेपाशी फक्त ३ मिमी भरतो. शिवाय कोलोराडोचा बर्फ थंड आणि कोरडा असतो. न्यू हॅम्पशरइतका गोठलेला पृष्ठभाग तिथे क्वचित लागतो. मी ९८ वर कायम आहे.

धातुवेध

धातूच्या प्रश्नावर सविस्तर लिहितो, कारण माझा व्यवसाय धातूंचाच आहे आणि म्युनिकजवळ राहत असल्यामुळे आल्प्समध्ये जाणे-येणे होते.

स्कीजच्या वर्णनात वारंवार येणारे ‘टायटनल’ हे नाव ऐकून अनेकांना तो टायटॅनियम वाटतो, परंतु तो आहे ऑस्ट्रियात बनणारा ॲल्युमिनियमचा मिश्रधातू. त्यात जस्त, मॅग्नेशियम आणि तांबे असते. त्याचा कागदासारखा पातळ पत्रा लाकडी गाभ्याच्या वर आणि बहुधा खालीही, रबराच्या झिरझिरीत पट्टीसह चिकटवला जातो. त्याने दोन गोष्टी होतात. एक तर स्कीला पीळ देणे अवघड होते, त्यामुळे कडक बर्फावर टोकापासून शेपटीपर्यंतची कड एकसारखी पकड घेते. दुसरे म्हणजे कंप विरतो. वेगात, उकरून पुन्हा गोठलेल्या ढेकळांवरून जाताना बिनधातूची हलकी स्की फडफडते आणि त्या ठिकाणी धातूची स्की शांत राहते.

धातू आणि स्की यांची ही सोयरीक जुनी आहे. हॉवर्ड हेड या विमान कारखान्यात काम केलेल्या अभियंत्याने १९५० मध्ये ॲल्युमिनियमचे पत्रे आणि प्लायवुडचा गाभा यांची ‘हेड स्टँडर्ड’ बाजारात आणली. त्याआधीच्या लाकडी स्कीजच्या मानाने ती इतकी सहज वळे की लोक तिला ‘चीटर’ म्हणू लागले. तेव्हा धातूचे कौतुक वळणे सोपी होतात म्हणून होते, आणि आज आपण त्याच धातूच्या स्कीला हट्टी म्हणतो, कारण मधल्या काळात आकार बदलला. १९९३ मध्ये स्लोव्हेनियाच्या एलान कंपनीने एससीएक्स ही खोल वक्रतेची स्की आणली आणि वळणाचे काम बऱ्याच अंशी कडेच्या आकारावर आले. पुढे शेन मॅकॉन्की या स्कीअरने पाण्यावरच्या स्कीजना बाइंडिंग (बूट स्कीला पकडून ठेवणारी कळ) लावून अलास्काचे उतार उतरून पाहिले आणि त्या कल्पनेतून २००२ च्या सुमारास व्होलांट कंपनीची ‘स्पॅट्युला’ ही स्की आली, जिची टोके वर वळलेली आणि मध्य खाली होता. आजच्या बहुतेक ऑल-माउंटन स्कीजच्या उचललेल्या टोकात त्या स्पॅट्युलाचा अंश आहे.

आपल्याला निवडायचे आहे ते प्रमाण. दोन पूर्ण पत्र्यांच्या स्कीज असतात. फोल्कलच्या अलीकडच्या मँट्रासारख्या स्कीजमध्ये धातू पूर्ण पत्र्याऐवजी चौकटीसारखा बसवलेला असतो, आणि हेडच्या कोर मालिकेत धातूचा थर नसतोच. एलानच्या रिपस्टिकमध्ये कार्बनच्या नळ्या असतात आणि डावी-उजवी स्की वेगळी असते. यांत श्रेष्ठ-कनिष्ठ काही नाही. वजन जास्त, वेग जास्त आणि पाय ताकदीचे असतील तर धातू साथ देतो. आपण ७४ किलोचे आहात आणि दुपारी मोगलांवर जाता. मोगलात शेपटीने पटकन सुटायला हवे, आणि दोन पत्र्यांची ताठ शेपूट थकलेल्या माणसाला सोडत नाही. म्हणून धातू असावा, पण मर्यादित, आणि टोक-शेपटीकडे कमी होत जाणारा.

पाऊलवाट

माझा प्रश्न धाग्याच्या विषयातलाच आहे म्हणून इथे विचारते. मी कॅलगरीला असते आणि लेक लुईसला जाते. दुकानात मला थेट ‘महिलांच्या’ भिंतीकडे नेतात. माझी उंची १६३ सेंमी आहे, वजन ६१ किलो, आणि मी डोंगरवाट यांच्यापेक्षा वेगात उतरते. महिलांची स्की खरोखर वेगळी असते का?

सरोवरकाठ

पाऊलवाट ताई, काही वेगळ्या असतात, काहींचा फक्त रंग वेगळा असतो. ब्लिझार्डची ब्लॅक पर्ल ८८ आणि ब्रह्मा ८८ एकाच कुळातल्या आहेत, पण ब्लॅक पर्लचा गाभा वेगळा आणि हलका आहे. इतर काही कंपन्यांत दोन्हींची रचना जवळपास सारखी असते आणि महिलांच्या आवृत्तीत फक्त लहान लांब्या अधिक मिळतात. तेव्हा भिंत न पाहता गाभा, धातू आणि वजन यांची माहिती विचारा. वेगात उतरणाऱ्या ६१ किलोच्या व्यक्तीला पुरुषांच्या भिंतीवरची १६३ ते १६८ लांबीची स्की बेलाशक घेता येते.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. मी टाहो सरोवराजवळ एका दुकानात आठ हिवाळे बाइंडिंग बसवण्याचे आणि धार लावण्याचे काम केले आहे. आमच्याकडचा ओलसर, जड बर्फ ‘सिएरा सिमेंट’ म्हणून ओळखला जातो. त्या कामात मला जे वारंवार दिसले ते असे की लोक रुंदीवर महिनाभर वाद घालतात आणि लांबी पाच मिनिटांत ठरवतात.

स्की जमिनीवर ठेवून बाजूने पाहा. मधला भाग कमानीसारखा उचललेला असतो, तो कॅम्बर. टोकाकडे स्की लवकर वर वळते, तो रॉकर. आपण वर उभे राहिलो की कमान दबते आणि तिच्या जोराने कड बर्फात रुतते. रॉकरचा भाग कडक बर्फाला टेकतच नाही. त्यामुळे १७७ लांबीची, मोठ्या रॉकरची स्की सपाट उतारावर कितीतरी आखूड भासते, तर तितक्याच लांबीची पूर्ण कॅम्बरची स्की लांब वाटते. म्हणून ‘हनुवटीपर्यंत’, ‘नाकापर्यंत’ हे जुने माप आज पुरेसे नाही. आपल्या उंची-वजनाला रॉकर मध्यम असेल तर १७० ते १७४ आणि रॉकर जास्त असेल तर १७७ बसेल. लांब्या बहुधा सहा-सात सेंमीच्या टप्प्याने येतात, म्हणून बहुतेकदा दोघींमधून एक निवडायची वेळ येते. मोगल आणि झाडांमधून जाणे आवडत असेल तर आखूड घ्यावी, मोकळ्या उतारावर वेग आवडत असेल तर लांब.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. डोंगरवाट, आपले बूट कसे आहेत? आपण बुटाबद्दल एक शब्दही लिहिलेला नाही.

डोंगरवाट

सर्वांचे मनापासून आभार. बूट भाड्याच्या मापाने, म्हणजे साधारण २७.५ (सेंमीतले माप) चे घेतले होते. टाच थोडी उचलली जाते, म्हणून मी दोन मोजे घालतो.

सरोवरकाठ

मग स्कीची खरेदी आधी थांबवा आणि बूट बदला. हे मी कळकळीने सांगतो आहे.

पाय आणि कड यांच्यामधला एकमेव दुवा बूट आहे. टाच उचलली गेली की आपण पाय कलवतो, पण स्की अर्ध्या क्षणाने कलते, आणि मग माणूस स्कीला दोष देतो. आतले अस्तर काढून उघड्या पायाने कवचात उभे राहा, बोटे पुढे टेकवा आणि टाचेमागे किती जागा उरते ते पाहा. दीड ते दोन सेंमी ठीक आहे. तीन-चार सेंमी असेल तर बूट एक-दोन मापांनी मोठा आहे. पंजाच्या रुंदीप्रमाणे ९८, १०० किंवा १०२ मिमीचा साचा मिळतो. एकच पातळ मोजा घाला. बूट नीट बसवून देणारा कारागीर मिळाला तर त्याच्यासाठी तासभर गाडी चालवून जाणेही योग्य ठरेल.

सह्याद्रीत पावसाळी भटकंती केलेल्या वाचकांना हे पटकन कळेल. ओल्या कातळावर तळव्याची पकड कितीही चांगली असली तरी आत पाय सरकत असेल तर त्या पकडीचा उपयोग होत नाही.

उत्तरवारा

सरोवरकाठ यांना शंभर टक्के अनुमोदन. त्यात धारेची भर घालतो. बहुतेक ऑल-माउंटन स्कीजच्या कडेला तळाच्या बाजूने १ अंश आणि बाजूने २ अंश कोन दिलेला असतो. बाजूची धार घरी लावता येते, त्यासाठी एक साधा मार्गदर्शक साचा आणि कानस पुरते. तळाच्या बाजूचा कोन मात्र घरी छेडू नये, कारण तो एकदा वाढला की संपूर्ण तळ यंत्रावर घासल्याशिवाय कमी होत नाही. बोथट धारेची ८८ पेक्षा नीट धार लावलेली ९८ कडक बर्फावर अधिक चांगली पकडते, हे शिखररेषा यांच्या बाजूने मान्य करतो.

भोजवन

मी पुण्यात राहतो. गुलमर्गच्या भारतीय स्कीइंग व गिर्यारोहण संस्थेत प्राथमिक अभ्यासक्रम केला आणि त्यानंतर चार हिवाळे तिथे गेलो. फेब्रुवारीच्या बेताबद्दल लिहितो.

गुलमर्ग गाव सुमारे २,६५० मीटरवर आहे. गोंडोलाचा (केबल कारचा) पहिला टप्पा कोंगडोरीला नेतो, दुसरा अफरवत डोंगराच्या खांद्यावर ३,९०० मीटरच्या वर. पहिल्या टप्प्याजवळ शिकाऊ आणि मध्यम उतार आहेत. दुसऱ्या टप्प्यावरून जे उतार सुटतात ते कोलोराडोतल्या विंचरलेल्या उतारांसारखे नाहीत. तो उघडा, मोठा डोंगर आहे आणि हिमस्खलनाचा धोका तिथे प्रत्यक्ष आहे. स्थानिक मार्गदर्शक, ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडलेल्याला शोधणारे रेडिओ यंत्र), फावडे आणि शोधकाठी यांच्याशिवाय तिथे जाऊ नये. आणि नुसती साधने जवळ असून भागत नाही, दोघा भावांना ती वापरता आली पाहिजेत. बर्फ चांगला असेल त्या दिवशी भोजपत्राच्या आणि देवदारी जातीच्या झाडांमधून बाबारेशी किंवा टंगमर्गपर्यंत उतरता येते आणि टॅक्सीने परत यावे लागते. तो उतार मी जन्मभर विसरणार नाही.

परंतु बर्फाचा भरवसा धरू नका. चिल्लई कलान, म्हणजे २१ डिसेंबरपासूनचे चाळीस कडक दिवस, हा तिथला खरा हिमकाळ मानतात. तरीही जानेवारी २०२४ जवळजवळ कोरडा गेला आणि बर्फ फेब्रुवारीच्या सुरुवातीला आला. तेव्हा गुलमर्गसाठी म्हणून १०६ विकत घेणे म्हणजे न पडलेल्या बर्फासाठी खरेदी करणे होईल. आपले बूट सोबत न्यावेत आणि रुंद स्कीज तिथे भाड्याने घ्याव्यात. दोन भावांचे सामान, दिल्लीचे विमान बदलणे आणि श्रीनगरहून गाडीच्या टपावर बांधलेली लांब पिशवी, हा त्रासही वाचतो.

एक तांत्रिक सावधगिरी बाळगावी लागेल. हल्ली बऱ्याच बुटांना चालायला सोपा, किंचित वळलेला ‘ग्रिपवॉक’ तळवा असतो. जुन्या बाइंडिंगमध्ये तो सुरक्षित बसत नाही आणि भाड्याच्या स्कीजवर जुनी बाइंडिंगे असू शकतात. आपल्या बुटाचे तळवे बदलता येत असतील तर सपाट आल्पाइन तळवे बरोबर ठेवा.

डोंगरवाट

भोजवन, आपल्या प्रतिसादाने माझा निर्णय बदलला. गुलमर्गचे सहा दिवस आणि इथले दोन-तीन शनिवार सोडले, तर उरलेले सगळे दिवस मी उकरलेल्या आणि कडक बर्फावर असतो. १०६ चा विचार सोडला.

बूट बदलले. कवचात टाचेमागे जवळपास चार सेंमी जागा निघाली. आता २६.० चा, १०० मिमी साच्याचा, फ्लेक्स (ताठरपणाचा आकडा) १०० चा बूट आहे. पहिले तीन दिवस पाय दुखले, मग कारागिराने घोट्यापाशी कवच थोडे फुगवून दिले. गंमत अशी की जुन्याच ७६ च्या स्कीज आता वेगळ्या वाटतात. ज्या काळ्या उतारावर मी सावकाश जात असे, तिथे गेल्या शनिवारी चार वळणे न थांबता घेतली.

आता स्की चालवून पाहण्यासाठी काय पद्धत ठेवावी?

शिखररेषा

तीन नियम पाळा. आपलेच बूट वापरा. प्रत्येक स्की त्याच एका उतारावर, शक्य तर तासाभराच्या आत चालवा, कारण दुपारी बर्फच बदललेला असतो. आणि चालवण्याआधी नखाने कड तपासा. नख खरवडले गेले नाही तर त्या स्कीबद्दल मत बनवू नका. नोव्हेंबर-डिसेंबरमधल्या चाचणीवरही पूर्ण विश्वास ठेवू नये; तेव्हा पायाखाली बराचसा यंत्राने केलेला कृत्रिम बर्फ असतो आणि त्यावर अरुंद, ताठ स्कीच नेहमी जिंकते.

डोंगरवाट

सहा आठवड्यांनंतर वृत्तांत देतो आहे. दोनदा चाचणी घेतली, एकदा डिसेंबरात आणि एकदा जानेवारीच्या शेवटी, रात्री पाच-सहा इंच बर्फ पडल्यानंतर. दोन्ही वेळा कॉपरला गेलो, कारण तिथे पूर्वेकडे कठीण मोगल आणि पश्चिमेकडे सौम्य उतार अशी डोंगराची नैसर्गिक वाटणी आहे आणि एका फेरीत दोन्ही पाहता येते. कंपन्यांची नावे मुद्दाम लिहीत नाही, कारण प्रत्येक जोडीची धार त्या दिवशी वेगळी होती आणि माझ्या एका दिवसावरून कोणी मत बनवू नये.

९६ मिमी, दोन पूर्ण पत्रे, लांबी १७७: सकाळच्या कडक उतारावर इतकी स्थिर स्की मी कधी वापरलेली नव्हती. उकरलेल्या बर्फातून ती रुळावरून गेल्यासारखी गेली. मोगलांत मात्र चौथ्या वळणाला मी मागे पडलो आणि शेपटीने मला पुढच्या उंचवट्यावर ढकलले. सकाळी दहाला मी हीच घेणार होतो आणि दुपारी दोनला नव्हतो.

९६ मिमी, बिनधातू, कार्बन, १७२: मोगलांत आणि झाडांत आनंद दिला. ताज्या बर्फात पाच-सहा इंचांना पुरून उरली. गोठलेल्या ढेकळांवर टोके थरथरली आणि मी आपोआप वेग कमी केला.

९४ मिमी, अर्धवट धातू, १७१: दोन्ही दिवसांत कशातच पहिली आली नाही. पण दोन्ही दिवशी, शेवटच्या फेरीपर्यंत, मला तिच्याबद्दल विचार करावा लागला नाही.

तिसरी घेतली. मागच्या मोसमाचे मॉडेल असल्यामुळे किंमतही बरीच कमी पडली.

सरोवरकाठ

अभिनंदन. उत्तम निवड आहे आणि त्याहून उत्तम चाचणी. बाइंडिंगबद्दल दोन शब्द लिहितो. ९४ कंबरेला १०० मिमीच्या आसपासचा ब्रेक (बूट सुटल्यावर स्की घसरत जाऊ न देणारे दांडे) घ्या. ११५ चा घेतला तर कलल्यावर तो बर्फात घासतो. सुटण्याचा आकडा, म्हणजे किती जोर आल्यावर बाइंडिंगने बूट सोडावा तो, स्वतः ठरवू नका आणि मित्राचा वापरू नका. तो वजन, उंची, वय, कौशल्याचा प्रकार आणि बुटाच्या तळव्याची मिलिमीटरमधली लांबी यांवरून तक्त्यातून निघतो. आपण बूट बदलला आहे, म्हणजे तळव्याची लांबीही बदलली असणार; जुना आकडा आता लागू नाही. पन्नाशी ओलांडल्यावर तक्त्यात आकडा एक पायरी खाली येतो, हेही वाचकांनी लक्षात ठेवावे. आकडा लावल्यावर दुकानात यंत्रावर सुटण्याची चाचणी करून मागा.

पाऊलवाट

मी १६५ लांबीची, ८८ ची, धातूची घेतली, पुरुषांच्या भिंतीवरची. आमच्याकडे चिनूकचे गरम वारे सुटतात, बर्फ वितळतो आणि रात्री पुन्हा गोठतो. त्या थरावर काल पहिल्यांदा मला पाय धरून राहिल्यासारखे वाटले. सरोवरकाठ दादा, धन्यवाद.

डोंगरवाट

बाइंडिंग काल बसवून मिळाली. नव्या बुटाचा तळवा ३०५ मिमी निघाला, जुन्याचा ३१७ होता, त्यामुळे आकडा खरोखरच बदलला. भोजवन, सपाट तळव्यांची जोडी मागवली आहे. ती पिशवीत बुटांबरोबर राहील. भावाला ट्रान्सीव्हर शोधण्याचा सराव देण्यासाठी पहिला दिवस गोंडोलाच्या पायथ्याशीच घालवायचे ठरवले आहे. बर्फ पडला आणि मार्गदर्शकाने होकार दिला तरच दुसऱ्या टप्प्यावर जाऊ. परत आल्यावर बाबारेशीच्या उताराबद्दल इथेच लिहीन.